चौगुले काकांची तंबाखू

त्या ऑटममध्ये चौगुले काका रोज दुपारी बरोबर चार वाजता गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून शेडमध्ये राउंडला जायचे. शेडमध्ये एक जुना, बंद पडलेला, उभा फ्रीझर होता. त्याच्या दारावर क्लिपबोर्ड आणि त्यावर हॉस्पिटलात पेशंटच्या पायाशी लावतात तसला चार्ट. तापमान, ओलावा, रंग, शेरा. काका दार बोटभर उघडायचे, फटीला नाक लावून लांब श्वास घ्यायचे आणि लिहायचे, "पेशंट छान पिवळा पडला आहे. काळजी नसावी."

आत तंबाखूची पानं टांगलेली होती.

"स्टेथोस्कोप कशाला हो काका?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं.

"आतला पंखा ऐकायला. घरघर लागली की आधी कळतंय."

आणि खरंच, फ्रीझरच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ते डोळे मिटून उभे राहिले.

आता यातली गंमत अशी, की काका जन्मभर छातीचे डॉक्टर होते. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांची सगळी नोकरी लोकांच्या हातातल्या सिगरेटी काढून घेण्यात गेली. रिटायर झाल्यावरही खोड गेली नाही. छातीतला दम मोजायचं, फुंकायचं मीटर त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असायचं. एकदा आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला लंडनहून आलेले कुणाचे तरी जावई हॉलच्या मागे सिगरेट ओढून आले आणि आरतीला उभे राहिले. काकांनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं, मीटर पुढे केलं आणि म्हणाले, "फुंका."

जावई बिचारे फुंकले.

"वय काय तुमचं? चाळीस? फुप्फुसं साठीची आहेत. जावा, प्रसाद घ्या."

जावयांनी मोदक घेतला खरा, पण तो त्यांच्या घशाखाली उतरला नसावा.

आणि हेच गृहस्थ घरामागच्या दोन एकरांत तंबाखूची साठ झाडं लावून बसले होते.

मी आणि मृणाल मिल्टन कीन्सहून नॉटिंगहॅमजवळच्या या खेड्यात राहायला आलो, तेव्हापासूनचे हे आमचे शेजारी. सामान उतरवत होतो तेवढ्यात कुंपणापलीकडून चिखलाचे बूट घातलेले, सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ ओरडले, "अयप, मी डक!"

मी मृणालला हळूच म्हटलं, "ते म्हणतायत, मी बदक."

नंतर कळलं, की 'अयप' म्हणजे 'काय, कसं काय' आणि 'मी डक' हे इकडचं 'बाळा'. दुकानातली बाई म्हणते, बस ड्रायव्हर म्हणतो, आणि काका तर उठताबसता म्हणायचे. त्यांच्या एकाच वाक्यात निपाणी आणि नॉटिंगहॅम शेजारी शेजारी नांदायची. "काय मी डक, जेवलास की न्हाई?" मला वाटतं, काकू गेल्यापासून आणि मुलगी कॅनडात स्थायिक झाल्यापासून तो प्रश्न विचारायला त्यांना आम्हीच सापडलो होतो.

काकांचं गाव निपाणीच्या बाजूचं. वडील तंबाखू पिकवायचे. "तिकडं काय, झाड कापायचं, रानात पसरायचं आणि आपण बाजूला व्हायचं. पुढचं सगळं ऊन बघतंय. इथलं ऊन कायमचं सिक लीव्हवर!"

म्हणून इथे सगळं माणसानेच करायचं. मार्चमध्ये काकांनी धुळीसारखं बारीक बी स्वयंपाकघराच्या खिडकीत रुजवलं. जूनमध्ये रोपं बाहेर लावली. फुलं यायला लागली तसे शेंडे खुडले, का तर जोर पानात उतरावा. सप्टेंबरमध्ये हत्तीच्या कानांएवढी पानं खुडून पॉलिटनलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवात, दोऱ्यांवर टांगली. आपण धुणं वाळत घालतो तशी, पण उलट हेतूने.

"पान लवकर वाळलं तर वाईट," काकांनी मला समजावलं. "हिरवंच राहतंय. मग ते गवत. आधी ते पिवळं झालं पाहिजे, मग तपकिरी, आणि मग वाळलं पाहिजे. पण फार रेंगाळलं की बुरशी. म्हणजे कसं, डिस्चार्जची घाई नको आणि वॉर्डात सडवायचंही नाही."

"पण काका, हे कुणासाठी? तुम्ही ओढणार आहात?"

काकांनी खिशातलं मीटर बाहेर काढलं. मी विषय बदलला.

ऑक्टोबरात दोन आठवडे पाऊस थांबलाच नाही. एका शनिवारी मी पॉलिटनलमध्ये डोकावलो तर काका उलट्या बादलीवर बसलेले. मांडीवर एक पान, त्यावर राखाडी लव. एक तृतीयांश पानांना बुरशी लागली होती. मी विनोद करायला गेलो, "फंगल इन्फेक्शन का काका?" एरवी त्यांनी टाळी दिली असती.

"पुढच्या वर्षी जमेल की," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षीचं काही खरं न्हाई रे," ते म्हणाले आणि ते पान कितीतरी वेळ हातात धरून बसले. मला वाटलं, वयाचं बोलतायत.

त्याच दिवशी त्यांनी वाचलेली पानं त्या बंद पडलेल्या फ्रीझरमध्ये हलवली. "आयसीयू" असं दारावर लिहिलं. तळाशी झाकण काढलेला स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, त्यात पाणी. ऊबही मिळते आणि दमटपणाही. वर छोटा पंखा. तीन आठवडे चार्ट सुरळीत चालला. आणि मग एका रविवारी सकाळी काका धापा टाकत आमच्या स्वयंपाकघरात आले.

"मृणाल, तुमचा स्लो कुकर दे. माझा जळाला."

"काका, त्यात राजमा आहे. दुपारी लोक येणार आहेत जेवायला."

"राजमा गॅसवर शिजतोय बाळ. माझी पानं गॅसवर ठेवता येत न्हाईत."

एरवी फ्रीजमधला डबा कुणी हलवला तरी मृणालला चालत नाही. पण तिने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने राजमा पातेल्यात ओतला. नंतर म्हणाली, "त्यांचे पाय बघितलेस? अनवाणीच आले होते. ही नुसती हौस नाहीये."

नोव्हेंबरच्या शेवटी काकांनी मला शेडमध्ये बोलावलं. एका पानाची मधली शीर वाकवली. ती कट्कन मोडली.

"वाळलं," ते म्हणाले.

मग ती पानं थोडी दमट हवा देऊन मऊ केली. चामड्यासारखा रंग, आणि वास सुक्या गवताचा, मनुकांचा, थोडासा मधाचा. काकांनी निवडक पानं बारीक कापून काचेच्या बरणीत भरली आणि म्हणाले, "गाडी काढतोस काय? मला आज चालवायला नको वाटतंय."

आम्ही शेजारच्या गावी निघालो. वाटेत त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. आर्थर नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, कोळशाच्या खाणीत काम केलेले. काका इंग्लंडात नवे आले तेव्हा हे त्यांच्या वॉर्डात न्यूमोनिया होऊन पडले होते. "माझं इंग्रजी कुणाला कळत नव्हतं आणि त्याचं मला. 'मी डक' त्यानंच शिकवलं. पहिल्या ख्रिसमसला जेवायला घरी नेलं. दुसरं कुणीच बोलावलं नव्हतं." आर्थर पाइप ओढायचे. काकांनी दम भरला, तेव्हा आर्थरनी त्यांच्यासमोर पाइप कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पुन्हा कधी तंबाखूला हात लावला नाही. "माझं ऐकलं त्यानं. पण फुप्फुसं कोळशानं आधीच खाल्ली होती."

"मग आता?"

"या फेब्रुवारीत म्हणाला, डॉक, तुझ्या बापाच्या तंबाखूच्या गोष्टी फार ऐकल्या. जाण्याआधी एकदा वास तरी दे." काकांनी मांडीवरची बरणी नीट धरली. "दुकानातली न्यायची म्हणजे फसवणूक झाली असती."

आर्थर त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी. काकांकडे बघून त्यांचा सगळा चेहरा हसला. "अयप, मी डक."

काकांनी सवयीने आधी मशीनचा आकडा पाहिला, मग बरणी उघडून त्यांच्या नाकाशी धरली. आर्थरनी डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाले, "म्हणजे तू खोटं सांगत नव्हतास."

मग काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जुना, कडा घासलेला पाइप. आर्थर त्याच्याकडे बघतच राहिले.

"हा तर मी टाकला होता."

"तू टाकलास. डबा न्यायच्या आधी मी काढून घेतला."

"इतकी वर्षं?"

"टाकवेना," काका म्हणाले.

ज्या हातांनी हजारो लोकांच्या सिगरेटी काढून घेतल्या, त्या हातांनी काकांनी तो पाइप भरला. हळूहळू, अंगठ्याने दाबत. "पेटवायचा न्हाई. नळीत ऑक्सिजन आहे, तिघंही जाऊ." आर्थर हसले, खोकले, आणि न पेटवलेला पाइप त्यांनी ओठात धरला. त्यातून नुसतीच हवा ओढली.

"जरा कच्ची राहिलीय," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी दोन आठवडे जास्त ठेवू."

"ठेव."

त्यानंतर आर्थर तीनच आठवडे होते. पण त्या दुपारी ते पाइप ओठांत धरूनच शांतपणे झोपी गेले. काकांनी पाइप अलगद काढून घेतला, त्यांचं मनगट हातात घेतलं आणि नाडी मोजायला सुरुवात केली. नाडी मोजायला एक मिनिट पुरतं. मी निघायला म्हणून कोट घातला, बटणं लावली. काकांनी मान वर न करता खुणेनेच मला थांबायला सांगितलं. मी पुन्हा बसलो. बाहेर अंधारून आलं तरी ते मनगट त्यांच्या हातात होतं, आणि घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.