खरात काका आणि त्यांची स्कझी

आमच्या शेजारी खरात काकांच्या दारावर एक पाटी आहे. ‘बेल वाजवू नये. कॉम्प्युटर बंद पडतो. हाक मारावी.’ नवा माणूस ती वाचतो, हसतो आणि बेल वाजवतो. आतून आधी एक ‘टक’ ऐकू येतं, मग लांब सुस्कारा, आणि मग काकांचा शांत आवाज, “वाचता येतं ना तुम्हाला?”

बेल काढून का टाकत नाही, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. म्हणाले, “बेल चांगली हाय. काढायची कशाला?”

यातच खरात काका जवळजवळ पूर्ण आले. चालू असलेली वस्तू त्यांना टाकवत नाही, आणि बंद पडलेली वस्तू बंद पडली आहे हे त्यांना पटत नाही.

बदनापूरला बसस्टँडजवळ त्यांचं टायपिंग आणि डिझाइनचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बियाण्यांची हँडबिलं, निवडणुकीतली पत्रकं, सगळं त्यांच्या हातून जायचं. पुढे पत्रिका मोबाइलवर फिरायला लागल्या आणि दुकान बंद झालं. काकांनी दुकानातली सगळी मशिनं घरी आणली आणि बाहेरच्या खोलीत मांडली. खोलीतला सोफा आमच्याकडे आला, तो अजून आमच्याकडेच आहे. कमलकाकू होत्या तोवर त्या भाजी निवडायला उंबऱ्यावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “आत जागा न्हाई बाई. आत यांची सोयरी बसलीत.”

सोयरी म्हणजे कोण, तर एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर, त्याचा मागून कणगीसारखा फुगलेला मॉनिटर, जाड चौकोनी डिस्का गिळणारा एक ड्राइव्ह आणि ट्रंकेएवढा स्कॅनर. या सगळ्यांना जोडणारी केबल म्हशीच्या दाव्याएवढी जाड. तिच्या जोडणीच्या पद्धतीला काका ‘स्कझी’ म्हणतात. हे त्यांनी ठेवलेलं नाव आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. नंतर कळलं की जगभर तिला हेच म्हणत.

स्कझीचे नियम कडक. “आधी स्कॅनर उठवायचा, मंग ड्राइव्ह, सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर,” काका सांगतात. “कर्ता माणूस शेवटी उठतो अन् सगळे हजर हायेत का ते बघतो. तो आधी उठला तर बाकीच्यांना ओळखच देत न्हाई.” प्रत्येक मशिनीला एक नंबर द्यावा लागतो. चुकून दोघांना एकच नंबर दिला गेला तर दोन्ही गप्प. “सख्ख्या भावांसारखं,” असं म्हणून काका खाली वाकतात आणि मागचं बारीक बटण स्क्रूड्रायव्हरने फिरवतात.

मी जालन्याला एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम करते. तिकडे लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत आणि त्यांच्यासाठी देशभरातून भंगार येतं. काकांच्या दृष्टीने तो परिसर म्हणजे मोठं इस्पितळ. महिन्यातून दोन-तीनदा ते भंगारवाल्यांकडे चक्कर मारतात आणि भट्टीच्या वाटेवर असलेलं काहीतरी सोडवून आणतात. एकदा त्यांनी एसटीत शेजारच्या सीटवर मॉनिटर ठेवला, धक्का लागू नये म्हणून त्याला काकूंची शाल गुंडाळली. संध्याकाळची गर्दी होती. कंडक्टरने त्या शालीकडे पाहिलं आणि विचारलं, “आजीचं कुठपर्यंत?” काकांनी सरळ सांगितलं, “बदनापूर. पण तिला उठवू नका, लई जपून आणलीय.” ही गोष्ट ते स्वतः न हसता सांगतात, त्यामुळे खरी असावी.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी मनीषा पुण्याला असते. ती फोनवर दर वेळी सांगते, बाबा, तो पसारा काढा, माणसाला बसायला जागा करा. काका म्हणतात, “करून राह्यलो.” आणि नवीन केबल घेऊन येतात.

गेल्या उन्हाळ्यात रविवारी सकाळी त्यांच्या दारात एक बाई उभी होती. पंचेचाळिशीची, उंच, खांद्याला कापडी पिशवी. तिने पाटी वाचली, दोन पावलं मागे सरकली आणि हाक मारली, “खरात भाऊ हायेत का?”

काका इतके खूश झाले की त्यांनी मला भिंतीवरून चहा करायला सांगितलं. त्यामुळे पुढचं सगळं मला माहीत आहे.

बाईंचं नाव पुष्पाताई. घनसावंगीकडच्या एका गावातून जीप आणि दोन एसट्या बदलून आल्या होत्या. त्यांची मुलगी अश्विनी अकरावीत, कबड्डी खेळते. संभाजीनगरला उन्हाळी निवासी शिबिरासाठी तिची निवड झाली होती. पण तिचे वडील भगवानराव सोडायला तयार नव्हते.

“त्यांचं म्हणणं, आपल्या दोन्ही घरांत कोणी बाई माणूस मैदानात उतरलं न्हाई,” पुष्पाताई म्हणाल्या. “मी म्हणलं, मी उतरले होते. कॅप्टन होते मी शाळेच्या टीमची. जिल्ह्यात पहिल्या आल्तो आम्ही. तर ते हसले. लग्न झाल्यावर एकदा सांगितलं होतं तवाबी असंच हसले होते.”

“मंग फोटो दाखवायचा,” काका म्हणाले.

“माहेरी होता. वाळवीनं खाल्ला. पण तवा गावानं अभिनंदनाचं पत्रक छापलं होतं, फोटोसकट. ते तुमच्या दुकानात छापलं होतं, भाऊ.”

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. “सात पोरी अन् मध्ये ढाल,” ते म्हणाले. “मागं शाळेचा पत्रा.”

पुष्पाताईंनी नुसती मान हलवली.

काकांच्या जुन्या डिस्का तीन खोक्यांत आहेत. एकावर ‘लग्न’, दुसऱ्यावर ‘बियाणे’ आणि तिसऱ्यावर ‘इतर’. ‘इतर’चं खोकं बाकीच्या दोन्हींपेक्षा मोठं. दुपारपर्यंत आम्ही तिघं जमिनीवर बसून डिस्कांवरच्या चिठ्ठ्या वाचत होतो. सापडली ती ‘बियाणे’मध्ये. कापसाच्या हँडबिलाबरोबर त्याच आठवड्यात काम आलं होतं, म्हणून.

डिस्क होती, पण कॉम्प्युटरला ड्राइव्हच दिसेना. काकांनी सगळ्यांना रीतीप्रमाणे उठवलं, तरी कॉम्प्युटर ओळख देईना. शेवटी कळलं की स्कॅनरच मेला होता. त्याचा दिवासुद्धा लागत नव्हता.

“मंग त्याला बाजूला करा की,” पुष्पाताई म्हणाल्या. “आपल्याला तर डिस्क बघायचीय.”

मलाही तेच वाटलं होतं. काकांनी मान हलवली. “रांगेत शेवटी कोणीतरी लागतं, ताई. तिथं आवाज थांबवणारं पाहिजे. न्हाईतर तो परत फिरून येतो अन् कोणालाच काही ऐकू जात न्हाई. ते थांबवणारं बटण या स्कॅनरमधीच हाय.” मग म्हणाले, “पुढच्या रविवारी या. मालकांनाबी आणा.”

पुढच्या रविवारनंतर लगेच शिबिर सुरू होणार होतं. हे काकांना माहीत होतं आणि त्यांनी तरीही शब्द दिला होता.

तो आठवडा आमच्या गल्लीला आठवतो. सोमवारी काकांनी स्कॅनर उघडला आणि आमचे दिवे गेले. मंगळवारी त्यांनी जोडणी बदलली आणि समोरच्या पिठाच्या गिरणीचे दिवे गेले. गिरणीवाला ओंजळभर पीठ अंगावर घेऊन तसाच आला, काय चाललंय ते बघायला. बघता बघता टॉर्च धरून उभा राहिला आणि दळण घेऊन आलेल्या बायका गिरणीसमोर ताटकळत राहिल्या. बुधवारी काका माझ्याबरोबर जालन्याला आले आणि दिवसभर भंगाराच्या दुकानांतून फिरले. संध्याकाळी ऑफिसच्या गेटवर उभे होते, हातात एक फुटका स्कॅनर, काच नसलेला. “तसलाच हाय,” म्हणाले. “याचं डोकं गेलंय, पण काळीज चांगलं दिसतंय.”

शनिवारी त्यांच्या खोलीतून करकर असा आवाज आला. भिंतीवरून पाहिलं तर स्कॅनरच्या काचेखाली हिरवट दिवा हळूहळू सरकत होता आणि काका शेजारी स्टुलावर हाताची घडी घालून बसले होते, बाळाला अंघोळ घालून झोपवल्यावर आई बसते तसे.

रविवारी पुष्पाताई आल्या. बरोबर भगवानराव आणि अश्विनी. भगवानराव बसले नाहीत. “आम्हाला मोंढ्यात धान्याचं काम हाय,” एवढं म्हणून दारालगत उभे राहिले. अश्विनी आईच्या खुर्चीमागे. मुलगी आईएवढीच उंच झाली होती.

काकांनी स्कॅनर उठवला, ड्राइव्ह उठवला, शेवटी कॉम्प्युटर. ड्राइव्हने डिस्क आत घेतली आणि घसा खाकरल्यासारखं केलं. स्क्रीनवर चौकट आली, आणि फोटो वरून खाली, एकेक ओळ करत उतरायला लागला.

आधी नुसतं आभाळ. मग शाळेचा पत्रा. बराच वेळ पत्राच. भगवानराव दारापासून दोन पावलं आत आले. इतक्यात पायऱ्यांवर दूधवाल्याची चाहूल लागली. भगवानरावांनी मागे वळून हात वर केला, “ओ दादा, बेल दाबू नका. जरा थांबा तिथंच.” दूधवाला कॅन हातात घेऊन थांबला.

मग केसांचे भांग दिसले. सात भांग, तेल चोपडलेले. मग कपाळं. मग डोळे. मधल्या मुलीचे डोळे फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखे. पुढे ढाल आली, ढालीवरचा हात आला, आणि सगळ्यात शेवटी गुडघे, मधल्या मुलीचा एक फुटलेला.

भगवानराव खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बघत राहिले.

“हे तू?”

“मंग कोण?” पुष्पाताई म्हणाल्या.

“गुडघ्याला काय झालंय?”

“फायनल झाल्ती.”

ड्राइव्ह तेवढा घरघरत होता. भगवानरावांनी स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन तो गुडघा पाहिला. त्या जखमेची खूण त्यांनी पंचवीस-एक वर्षं पाहिली असणार, आणि कधी विचारलं नसणार. मग त्यांनी मान वळवून मुलीला विचारलं, “शिबिराला काय काय न्यावं लागतं?”

अश्विनीने उत्तर द्यायच्या आधी मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतला. आठवडाभर दोन स्कॅनर आणि अर्ध्या गल्लीची वीज खर्चून जे बाहेर आलं ते तिने एका क्षणात खिशात घातलं. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “बराबर हाय, घे. पण मी कागदावरबी काढून देतो.” जाताना भगवानरावांनी तो कागद गुंडाळी न करता, दोन्ही हातांनी सपाट धरून नेला.

ते गेल्यावर मी कप उचलले. बिस्किटांचा डबा ठेवायला कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात एक खोकं होतं. नवाकोरा स्कॅनर, वहीएवढा पातळ. खोकं एकदा उघडून पुन्हा नीट बंद केलेलं.

“काका, हे?”

“मनीषानं पाठवलाय. कमल गेली त्या साली.” ते केबल गुंडाळत होते. “वापरून पाह्यला मी. लई चांगला हाय. खोटं कशाला बोलू.”

“मग वापरत का नाही?”

त्यांनी केबलीचा एक वेढा घातला, मग दुसरा. “त्याच्यावर फोटो ठेवला की झालं. माणसानं चपला काढूस्तोवर काम होतं अन् माणूस चपला घालून जातो. आपल्या जुन्यावर एक फोटो निघायला चहा होतो. चहा होतो तवा माणूस सांगतो, हा फोटोत कोण हाय, ही कोण हाय, कुठं असते आता.” ते हसले. “कमल असताना घरात एवढी बोलणी असायची की मशीनचा आवाज ऐकू यायचा न्हाई. आता मशीनच ऐकू येतं.”

मी खोकं होतं तिथंच ठेवलं आणि कपाट लावलं.

घरी आल्यावर हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या, सोलतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पत्र्याची पेटी काढली. तिच्यात त्यांच्या लग्नापासूनचे फोटो आहेत, चांगले गठ्ठ्याने. त्यातला एकच त्यांनी पदरात धरला आणि चपला घातल्या.

“काकांकडे चाललात?” मी म्हटलं. “मग एकदम सगळेच न्या ना. एका फेरीत होतील.”

त्या पायरी उतरत म्हणाल्या, “एवढी कसली घाई. रोज एक नेईन.”