डिकीतला खोका

"डहाणूत गाड्या पुष्कळ आहेत, पण डोकं असलेली गाडी एकच!"

गेला महिनाभर देवेश राऊत हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत होता. स्टेशनजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक बिचारं माऊस बिघडला म्हणून यायचं, गाडीच्या डोक्याबद्दल ऐकून ऐकून दमायचं आणि माऊस तसाच घेऊन घरी जायचं!

गाडी देवेशच्या वडिलांची, जुनी, पांढरी. आणि डोकं म्हणजे देवेशने स्वतःच्या हाताने जुळवलेला कॉम्प्युटर. पुढे डॅशबोर्डवर ताटलीएवढा स्क्रीन, मागे डिकीत मुख्य यंत्र. रस्ता तो दाखवणार, इंजिनाची तब्येत तो सांगणार, गाणी तो लावणार.

"फक्त चहा करत नाही," देवेश म्हणायचा. मग जरा विचार करून, "अजून!"

एवढा खटाटोप कशासाठी? तर मयुरासाठी. मयुरा तलासरीला शाळेत विज्ञान शिकवायची. बघण्याच्या कार्यक्रमात तिने स्वयंपाकाचं नाव काढलं नाही की आवडीनिवडी विचारल्या नाहीत. "हार्ड डिस्क मेली तर फोटो परत मिळतात का हो?" एवढंच विचारलं, आणि देवेश जागच्या जागी विरघळला. तिचाही होकार होता. घोडं अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. दिपकरावांची आंब्याची बाग होती आणि माणूस पारखायची त्यांची रीत एकच होती.

"मुलगा वाईट नाही," ते म्हणाले होते. "पण घरी एवढी चिकूची वाडी, आणि हा डबे उघडत बसतो! ज्याला फळ कळत नाही, त्याला संसार काय कळणार? महिन्याभराने एका रविवारी या. मग बघू."

ते 'बघू' देवेशच्या छातीत काट्यासारखं रुतलं. कारण दिपकराव खोटं बोलत नव्हते. वाडीत जन्म काढूनही चिकूतलं त्याला इतकंच कळायचं, की तो खायचा असतो. तेव्हा त्याने ठरवलं, रविवारी सासरेबुवांना गाडीत बसवायचं आणि असं काही दाखवायचं, की ते फळबिळ सगळं विसरले पाहिजेत!

यंत्राला पेटी हवी होती. बाजारातली डिकीत मावेना. शेवटी त्याने वाडीतला चिकू भरायचा लाकडी खोका उचलला, एका कोपऱ्यात यंत्र बसवलं, गरम हवा जायला बाजूला भोक पाडून पंखा लावला. अर्धा खोका रिकामाच राहिला. पुढे काहीतरी वाढवता येईल, असं तो म्हणाला.

राहिला आवाज. तयार मिळणारा आवाज 'तलासरी' असं काही म्हणायचा, की गाव परदेशात असल्यासारखं वाटावं. देवेशचा स्वतःचा आवाज सर्दी झाल्यासारखा. म्हणून त्याने आईला गाठलं. नूतनताई ओट्याशी बोंबील साफ करत होत्या. सुरी न थांबवता त्यांनी सगळी वाक्यं म्हटली. "डावीकडे वळ." "हळू घे." आणि 'सरळ जा' ऐवजी, "सरळ जा, उगाच बडबड करू नकोस!"

"आई, एवढंच म्हण ना, सरळ जा!"

"मग तू बडबड करू नकोस ना!"

ते वाक्य तसंच राहिलं. शेवटचं वाक्य होतं धोक्याचं. यंत्र फार तापलं तर हॉर्न आपोआप सुरू होणार, सगळे दिवे लुकलुकणार, दारांची कुलपं उघडणार आणि आवाज येणार, "तापलंय! सगळे खाली उतरा!" हे मात्र नूतनताईंनी असं म्हटलं, की शेजारच्या घरातले दोघे बाहेर आले.

मग देवेशने घरातून वायर ओढून यंत्र गाडीतच दिवसरात्र चालू ठेवलं. चाचणी! आई येता जाता बघायची.

"गरम होतं का रे ते?"

"थोडं होतं. उबदार."

"झाकण लागतं?"

"घट्ट लागतं. का?"

"काही नाही," आई म्हणाली आणि वाडीकडे निघून गेली.

रविवारी मायलेक तलासरीला मयुराच्या घरी पोचले. चहा-पोहे झाले. देवेशने दिपकरावांना मोठ्या थाटात पुढच्या सीटवर बसवलं, मागे आई आणि मयुरा बसल्या. गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडपर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. स्क्रीन उजळला. रस्ता दिसला. गाडी हायवेला लागली.

"सरळ जा, उगाच बडबड करू नकोस!" गाडी म्हणाली.

दिपकराव चपापले. त्यांनी मागे वळून नूतनताईंकडे पाहिलं. "मी तर काहीच बोललो नाही, वहिनी."

"मी तरी कुठे बोलले?" नूतनताई म्हणाल्या.

"काका, ती गाडी बोलली," देवेशने खुलासा केला.

"गाडीला वहिनींचा आवाज?"

"हो."

"आणि भाऊ याच गाडीतून फिरतात?" दिपकरावांच्या स्वरात देवेशच्या वडिलांबद्दल अपार करुणा होती. मयुराने तोंडाला ओढणी लावली.

अच्छाडला ट्रकांची ही रांग! मुंगीला वाट नाही. गाडी एका ढाब्यासमोर अडकली, ऊन रणरणत होतं. देवेश इंजिनाचा आलेख समजावून सांगत होता, दिपकराव जांभई दाबत होते. तेवढ्यात स्क्रीन लालभडक झाला. हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना! दिवे लुकलुकले, कुलपं खाडखाड उघडली आणि नूतनताईंचा आवाज हायवेवर घुमला, "तापलंय! सगळे खाली उतरा!"

"उतरतो, वहिनी, उतरतो! ओरडू नका!" दिपकराव चप्पल गाडीतच टाकून बाहेर!

"अहो, मी नाही!" ओरडत नूतनताईही बाहेर.

"तापलंय! सगळे खाली उतरा!"

पुढचा ट्रकवाला उतरला. त्याच्या पुढचा उतरला. "शुं थयुं? काय झालं?" कुणीतरी म्हणालं टँकर तापलाय. ही बातमी दहा ट्रक पुढे जाईपर्यंत टँकर पेटला होता! माणसं शेतातून पळत सुटली. ढाब्यावरचे लोक जेवण सोडून उठले, काहींनी ताटं मात्र बरोबर घेतली.

"देवेश, डिकी उघड!" मयुरा ओरडली. देवेश अजून हॉर्न बंद करायला स्क्रीनवर बोटं आपटत होता. तिनेच डिकी उघडली, खोक्याचं झाकण उचललं. आतून भपकन वाफ आली. ढाबेवाल्याने हाताला लागेल ती बादली आणून आत रिकामी केली. बादलीत ताक होतं. जिरं-कोथिंबीर घातलेलं.

हॉर्न थांबला. यंत्राने एकदा फुर्र केलं आणि प्राण सोडला.

देवेश रडायचाच बाकी होता. महिन्याची मेहनत ताकात बुडाली होती आणि मयुराही त्या मेहनतीबरोबरच बुडणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तो खोक्यात वाकला. पंख्याच्या भोकात गोणपाट कोंबलेलं. आणि रिकाम्या अर्ध्या भागात, पेंढ्यावर नीट मांडलेले, चिकू!

"आई!!"

"ओरडतोस काय? पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने यायचं? उबदार खोका रिकामा पडलेला दिसला, चिकू पिकायला घातली अढी. आज निघताना भोक बुजवलं. वारा लागला की चिकू पिकत नाही, चरबट राहतो!"

आता काय बोलणार? डहाणूच्या बाईला उबदार, बंद खोका दिसल्यावर ती दुसरं काय करणार होती?

दिपकराव अनवाणी पुढे आले. त्यांनी एक चिकू उचलला, आपल्या पांढऱ्या पँटलाच पुसला. दाबून पाहिला. हुंगला. फोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"कधी घातले?"

"गुरुवारी," नूतनताई म्हणाल्या.

"गुरुवारी? आणि सगळे एकसारखे? एक कच्चा नाही, एक बसका नाही!" त्यांनी देवेशच्या खांद्यावर हात ठेवला. हात चिकट होता. "अरे, हे दाखवायला आणलं होतंस, तर तो सिनेमा कशाला दाखवत बसलास? मी म्हणत होतो, याला फळ कळत नाही!"

"काका, खरं सांगायचं तर मी..."

"सरळ जा, उगाच बडबड करू नकोस!"

यंत्र तर ताकात बंद पडलं होतं. देवेशने आईकडे पाहिलं. आई दुसरीकडेच बघत होती. त्यानेही एक चिकू उचलून तोंडात टाकला.

साखरपुड्याला दिपकराव प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून देवेशपुढे आणत होते. "हे आमचे जावई. यांनी गाडीत अढी बसवली! आता आपल्या आंब्यालाही एक करून देणार आहेत."

न राहवून देवेश हळूच म्हणाला, "बाबा, तो कॉम्प्युटर होता."

दिपकरावांनी त्याच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली.

"असेल, असेल. तुम्ही शिकलेली पोरं हल्ली अढीला तसंच म्हणत असाल!"