दुकान वाढवा, भिया

आमच्या ऑफिसात रोज संध्याकाळी सहा वाजता कॉम्प्युटरांना खोळी घालतात. म्हणजे टोकेकरजी घालतात. पायजम्याच्या पट्टेरी कापडाच्या, खाली नाडी असलेल्या खोळी. समोर माणूस बसलेला असो, काम अर्ध्यावर असो, टोकेकरजी मागून येणार, "हात काढा भिया" म्हणणार (इंदूरात प्रत्येक जण 'भिया', म्हणजे भाऊ) आणि पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं टाकावं तशी पडद्यावर खोळ चढवणार. मग नाडीची गाठ. ती गाठ सकाळी ताज्या डोक्यानेसुद्धा लवकर सुटत नाही. संध्याकाळी ती सोडवण्याचा नाद आम्ही सगळ्यांनी केव्हाच सोडला आहे.

आम्ही मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो. कारखाना पीथमपूरला, आमचं ऑफिस इंदूरात. टोकेकरजी इथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, निवृत्त होऊनही करारावर परत आलेले. ते लाकडी बोर्डावर, टी-स्क्वेअर घेऊन शिकले. तेव्हा सहा वाजले की बोर्डावर कापड टाकायचं, नाहीतर कागदावर धूळ बसून सकाळी रेघ फाटायची. बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले, पण कापडाची सवय काही गेली नाही. घराखालच्या शिंप्याकडून त्यांनी स्वखुशीने प्रत्येकासाठी खोळ शिवून घेतली.

"आता कुठली धूळ बसतेय, टोकेकरजी?" मी एकदा विचारलं.

"बसते भिया, बराबर बसते. पहले कागदावर बसायची, आता माणसावर बसते."

मी सांगलीहून नोकरीसाठी इथे आलो तेव्हा माझी खोळ अजून शिवायची होती, आणि त्यामुळेच घोटाळा झाला. पहिल्या दिवशी सहा वाजता एक हात खांद्यावर पडला. "चला सांगलीवाले, दुकान वाढवा आता." मी चपापलो. पहिल्याच दिवशी एवढा ज्येष्ठ माणूस काम वाढवायला सांगतोय म्हणजे माझं काम कमी पडलं असणार. मी दुसऱ्या दिवशीची ड्रॉइंग उघडली आणि मान खाली घालून बसलो. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात आलं. मी चहासुद्धा सोडला. तिसऱ्या दिवशी टोकेकरजी माझ्या समोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला ऐकायला कमी येतं काय हो? की घरी कोणी घेत नाही?"

मग उलगडा झाला. टोकेकरजी मल्हारगंजात राहतात. खाली सगळी दुकानं, वर त्यांचं घर. तिथले व्यापारी दुकान बंद करत नाहीत, 'बढाते' हैं.

"बंद म्हटलं की कायमचं होतं भिया. अपशकुन. म्हणून वाढवायची. तुमच्या सांगलीत बांगडी फुटली तर काय म्हणता?"

"वाढवली," मी म्हणालो.

"तो मग? अकलेला पण खोळ घालून आला होता का?"

त्यातून दुकान आमच्याकडे 'ते', टोकेकरजींकडे हिंदीच्या संगतीने 'ती'. रोज सहा वाजता ती दुकान वाढायची आणि टोकेकरजींबरोबर आम्ही जिना उतरायचो.

जिन्यातच त्यांचा फोन लागायचा. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये. निखिलची आई जाऊन बरीच वर्षं झाली, घरी टोकेकरजी एकटेच. कानाला फोन लावलेला त्यांना आवडत नाही, त्यामुळे स्पीकर चालू असायचा आणि बाप-लेकाचं बोलणं सगळा जिना ऐकायचा.

"बेटा, वाढवली का दुकान?"

"बाबा, दहा मिनिटं."

एवढंच. मी ऑफिसात आल्यापासून दोन वर्षं हेच ऐकत होतो. कधी निखिल खोकायचा, कधी मागून कोणीतरी इंग्रजीत त्याला हाक मारायचं, पण उत्तरातली दहा मिनिटं कधी बदलली नाहीत. फोन खिशात टाकून टोकेकरजी माझ्याकडे बघायचे. "सगळ्या ऑफिसला मी उठवतो, आणि माझ्याच पोराच्या ऑफिसात एक टोकेकर नाही. तो पोरगा एक दिवस सहाला उठला ना भिया, मी तुम्हा सगळ्यांना पोहे-जलेबी खिलवीन." हे ते हसत म्हणायचे, पण जिन्याच्या एका पायरीवर थांबून म्हणायचे.

मध्यंतरी मुख्य ऑफिसला आमच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. 'काम आणि जीवनाचा समतोल' या विषयावर आठवडाभर ऑनलाइन व्याख्यानं ठरली. दिवसा कोणाला फुरसत नाही, म्हणून वेळ ठेवली संध्याकाळी सहा ते साडेसात. हजेरी सक्तीची. पहिल्या दिवशी टोकेकरजी नुसते हॉलमधल्या मोठ्या पडद्याची लांबी-रुंदी वितींनी मोजत होते. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला ते घरून आणलेली डबल बेडची चादर घेऊन उठले. पडद्यावरच्या बाई "आता डोळे मिटा आणि स्वतःसाठी वेळ काढा" असं म्हणत होत्या. आम्ही डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर गुलाबाची फुलं होती आणि बाई आतून बोलत होत्या.

टोकेकरजींना लेखी खुलासा विचारला गेला. त्यांनी एका ओळीत दिला : 'समतोल साधत होतो.' साहेबांनी तो तीनदा वाचला, फाइलला लावला आणि उरलेली व्याख्यानं दुपारी तीनला घेतली. ती बरी होती, असं टोकेकरजीसुद्धा म्हणाले.

आणि मग गेल्या महिन्यात एक गुरुवार असा आला की सहा वाजले आणि काहीच झालं नाही. सव्वासहा झाले. आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. टोकेकरजी आपल्या जागेवर बसून एकच बोल्ट पडद्यावर मोठा करत होते, लहान करत होते. बाकीचे चुळबुळत एकेक करून निघाले. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो.

"निखिल आलाय," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "मंगळवारी."

"अरे वा! मग पोहे-जलेबी कधी?"

"तसा नाही आला. तिथे ऑफिसच्या जिन्यात बसून राहिला होता. वर जाणं होईना, खाली उतरणं होईना. दोस्तांनी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणले, तीन महिने काम बंद."

कशाला 'बंद' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"मग तुम्ही इथे काय करताय? घरी जा."

"जाऊन काय बोलू?" त्यांनी चष्मा काढला. "दोन वर्षं रोज एकच गोष्ट विचारली त्याला. आणखी काही विचारायचं सुचलंच नाही कधी. आता तीही विचारायची सोय राहिली नाही. तो आतल्या खोलीत बसतो, मी बाहेर. चहा देतो, तो पितो. शाम झाली की मला भीती वाटते भिया, घरात पाय ठेवायची."

मला गलबलून आलं. रोज आम्हाला खांद्याला धरून घरी पाठवणारा हा माणूस स्वतःच्या घराला घाबरून बसला होता. आम्ही दोघं त्या बोल्टकडे बघत बसलो.

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. सवयीने त्यांनी स्पीकर लावला. पलीकडून निखिलचा आवाज, बसलेला.

"बाबा, वाढवली का दुकान?"

टोकेकरजी फोनवर वाकले.

"मी पोहे भिजवलेत," निखिल म्हणाला. "वरून घालायचं जिरावण कुठे असतं? सापडत नाहीये."

"वाढवली, बेटा," टोकेकरजी घाईघाईने म्हणाले. "कधीच वाढवली. जिरावण वरच्या फळीवर, निळ्या डब्यात. स्टुलावर चढू नकोस, त्याचा पाय हलतो. मी आलोच. दहा... नाही, निघालोच."

चष्मा एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, असे ते उठले आणि माझा निरोपही न घेता निघाले. जिन्यावर त्यांच्या चपला भराभर वाजत खाली गेल्या.

त्यांचा पडदा तसाच उजळलेला होता, वर तो बोल्ट. मी काम सेव्ह केलं, ड्रॉवर उघडून त्यांची खोळ काढली आणि पडद्यावर चढवली. गाठ मला त्यांच्यासारखी जमत नाही, पण घट्ट मारली.