टेंभरं खाऊन पहिला

नोकरीसाठी दुसऱ्याची निवड झाली की ती अन्यायाने झालेली असते, आणि आपली झाली की न्यायाने. हा नियम सर्व खात्यांना लागू आहे. पोंभुर्ण्याकडच्या एका जंगल कामगार सोसायटीलाही तो १९८४ साली लागू होता.

सोसायटीला तोडलेल्या सागावर दर उन्हाळ्यात राखणदार लागे. परीक्षा एकच: जंगलाच्या हद्दीने फेरी मारून यायचं, पहिला येईल त्याला नोकरी. पत्रू दोन उन्हाळे शेवटचा आला. वाटेत टेंभराचं, म्हणजे तेंदूचं, झाड लागतं, खाली पिकलेली टेंभरं पडलेली असतात, आणि पत्रू बसतो (चव पाहायला). या बाबीचा निकालाशी संबंध नाही, असं त्याचं स्पष्ट मत होतं. निवडलेल्या माणसाचं गाव आणि अध्यक्षाची सासुरवाडी एकाच बाजाराला जातात, एवढा पुरावा त्याला पुरे होता.

तिसऱ्या वर्षी जागा कायमची निघाली. पत्रूने बाजाराच्या दिवशी पानठेल्यावर बसून पंचक्रोशीचं प्रबोधन केलं. "पैलेच ठरून हाय सारं! काऊन फुकट पाय घासता?" पंचक्रोशी घरी बसली. त्याचा जिवलग दोस्त इसरूही बसला. चालण्यात इसरूचा हात धरणारा कोणी नव्हता; घरी तान्हं पोर, यंदा हाताला काम नाही. पण पत्रूवर त्याचा भरवसा होता.

पत्रू मात्र गेला. अन्याय होताना कोणीतरी हजर पाहिजे ना! बघतो तर दुसरा उमेदवारच नाही. त्याने टेंभरं खाल्ली, जरा लवंडला, आणि ऊन कलता कलता पहिला आला. (शेवटचाही तोच आला. हे तो सांगत नाही.)

तेव्हापासून पत्रूच्या पाहणीनुसार सोसायटीचा कारभार शंभर टक्के चोख झाला. "गुण पाह्यतेत बाप्पा, गुण!"

"हो, टेंभरं खायाचे," त्याची बायको रंभा म्हणाली.

त्याच संध्याकाळी इसरू आला. "पत्रूभाऊ, तुनंच तं मनलं होतं, ठरून हाय म्हून?"

"मले का मालूम, राजा?" पत्रू नवी खाकी टोपी नीट करत म्हणाला. "तुले यायले पाह्यजे होतं."

इसरू उठून गेला. पत्रूला फार वाईट वाटलं. जेवण होईपर्यंत वाटत राहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की इसरूत मुळात जिद्दच नाही.

वाचकहो, तुमची निवड गुणांवरच झाली, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. त्या दिवशी तुमचा इसरू कुठे होता, एवढंच विचारायचं राहिलं.