क्रोधन संवत्सरी गिरमाजीपंतांनी आवडीची पोथी सांगितली, तिची हकीकत

श्रीशारदा साक्ष, श्रीगणराय साक्ष. लिहिणाराची लेखणी कापते, ऐकणाराने सांभाळून घेणे. शके सोळाशे सदुसष्ट, क्रोधन नाम संवत्सर, ते साली राज्यात पाऊसपाणी उत्तम, शत्रू दूर, प्रजा सुखी, भय ते एकच, पौर्णिमेचे. म्हणाल, पौर्णिमेचे काय भय? तर महाराजांस ग्रंथांचा नाद लागला, आणि आज्ञा जाहली की, दर पौर्णिमेस भर दरबारी प्रत्येकाने सांप्रत कोणती पोथी वाचतो ते सांगावे, आणि ज्याची पाळी असेल त्याने आपले आवडीची एक पोथी हुजूर सुचवावी, मग ती महाराजांपुढे वाचली जावी आणि महाराजांनी निवाडा करावा. पोथी रुचली तर शालजोडी, आणि न रुचली तर जे होई ते सांगावयास जीभ रेटत नाही. एका किल्लेदाराने लांबलचक पोथी सुचविली आणि महाराजांस झोप आली, मग त्यास समुद्रातील ठाण्यावर धाडिले आणि तीच पोथी नित्य पहारेकऱ्यांस वाचोन दाखवावी ऐसी शिक्षा केली. सहा महिन्यांत पहारेकरी तराफे बांधोन पळाले, किल्लेदार अजून वाचतो आहे. एका फडणिसाने सुचविलेल्या कथेत राजा हिवतापाने मरतो, आणि दोन दिवसांनी महाराजांस पडसे जाहले, तो फडणीस पुन्हा कोणाचे दृष्टीस पडला नाही. तेव्हापासून दरबारात ज्यास पुसावे तो म्हणे, "पंचांग वाचतो, महाराज." पंचांगात कोणी मरत नाही.

ऐशा दरबारी गिरमाजीपंत म्हणोन दारूखान्याचे कारकून होते. गृहस्थ गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दारूखान्यात दिवा नेण्याची सक्त बंदी, म्हणोन पंत दिवसा दाराशी घोंगडी टाकोन बसत आणि उजेड आहे तोवर वाचीत, आणि वाचीत ते मनापासून वाचीत. आश्विनी पौर्णिमेस त्यांची पाळी आली. पंतही पंचांगच म्हणणार होते, घरून तैसे घोकोनही आले होते, परंतु काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, उभे राहिले आणि तोंडातून खरे निघाले. म्हणाले, "महाराज, एक पोथी आहे. गर्विष्ठ राजा राज्य घालवितो आणि फिरत फिरत नदीवर येतो. तेथे एक विधवा बाई नाव चालविते. ती यास ओळखीत नाही, हाती वल्हे देते आणि म्हणते, मार. हातास फोड येतात. पैलतीरी ती त्याचे तळवे पाहते आणि म्हणते, नवा दिसतोस, उद्या लवकर ये. येथे आम्ही रडलो, महाराज." महाराज पुढे झुकले आणि पुसते जाहले, "ही आणखी कोणी वाचिली आहे?" त्यांच्या स्वरात लोभ दिसला, तो दिवाण अंबाजीराव तत्काळ उठोन वदले, "सेवक तर त्या नावेपाशी दोनदा रडला." मग पागनीस रडले होते, कोठावळे रडले होते, ऐसे करता करता अकरा मानकरी रडलेले निघाले. पंतांस मोठे नवल वाटले आणि भोळेपणे आनंदही जाहला, की आपणासारखे वाचणारे इतके आहेत आणि आपण आजवर एकटेच दाराशी बसत होतो. महाराजांनी पोथी मागितली. पंतांची प्रत जुनी, कडा कुरतडलेल्या, हुजूर नेण्याजोगी नव्हे, म्हणोन मठातून त्याच नावाची चांगली प्रत आणविली, आणि रोज सकाळी दादंभट पुराणिकांनी वाचावी ऐसे ठरले. दादंभट सत्तरीचे, महाराजांचे वडिलांपुढेही त्यांनीच वाचिले होते.

साठ पाने उत्तम चालली. राजाने राज्य घालविले, वनात गेला, पंत मान डोलवीत बसले. एकसष्टावे पान दादंभटांनी उचलले आणि राजा शिकारीस निघाला. बासष्टाव्यास त्याने दुसरे लग्न केले. पंतांची मान डोलायची थांबली. त्यांच्या पोथीत एकसष्टाव्या पानावर नदी होती. दिवाण हळूच म्हणाले, "येईल, आता नाव येईल," आणि मागून दहा जणांनी माना हलविल्या. दरबार उठताच पंत तडक घरी गेले आणि कुटुंब सगुणाबाई जात्याशी बसली होती तीस पुसले, "अगं, भाद्रपद सरल्यावर पोथ्यांस ऊन दिले, ते तूच ना?" ती म्हणाली, "मीच. दोन पोथ्या अंगणात पसरल्या होत्या, वावटळ आली आणि पाने उडाली. मी गोळा केली." "मग लाविली कशी?" "आकड्यास आकडा जोडून. दोन्हींची नक्कल करणारा लेखकू एक, शाई एक, कागद एक. अहो, मला अक्षर कोठे येते? आकडे येतात, ते तुम्हीच शिकविलेत." "आणि उरलेली पाने?" ती पदराशी चाळा करीत म्हणाली, "ती शेळीने खाल्ली. तुम्हांस सांगणार होते. पण पाहते तो तुम्ही दाराशी बसून वाचता वाचता डोळे पुसत होता. म्हटले, बरी लागली असेल." पंत मटकन खाली बसले. ज्या पोथीवर त्यांनी जीव टाकला ती जगात कोणी लिहिलीच नव्हती. अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची, आणि भर दरबारी तीच महाराजांस आवडीची म्हणोन सांगितली होती.

मग पंतांस अन्न गोड लागेना. रोज सकाळी दरबारी बसावे, दादंभटांचे हाताखाली पाने किती उरली ते मोजावे. फडणिसाचे स्मरण व्हावे. पळोन जावे, तर सगुणाबाईस कोण पुसतो? वीस पाने राहिली, मग दहा, मग एक. ते एकही दादंभटांनी वाचिले, फळी ठेविली, बासन बांधिले आणि हात जोडिले. महाराज म्हणाले, "नाव कोठे आहे?" महाराजांनी दिवाणांकडे पाहिले. दिवाणांचे तोंडचे पाणी पळाले, परंतु ते जुने खोड. म्हणाले, "महाराज, भटजींनी पाने गाळिली. नाव आहे. आम्ही वाचिली आहे, तेथे रडलो आहो." मग दहाही जण बोलिले की होय, गाळिली, नाव आहे. अकरा साक्षी आणि एक म्हातारा. महाराज लाल जाहले आणि आज्ञा केली की, जी जीभ आमचेपुढे पोथी गिळते ती ठेवू नये. हुजऱ्यांनी दादंभटांस दंडाला धरिले. म्हातारा रडला नाही की ओरडला नाही. इतकेच म्हणाला, "पन्नास वर्षे वाचतो, अक्षर गाळिले नाही. पंत, पोथी तुमचे आवडीची. तुम्ही तरी सांगा, नाव कोठे आहे?"

आता ऐका. पंतांनी गप्प राहावे इतकेच होते. मान खाली घालावी, सुंठीवाचोन खोकला गेला, शालजोडीही मिळाली असती. आणि खरे सांगू, त्यांनी मान खाली घातलीही. भय काय असते ते ज्याचे त्यासच ठावे, बाहेरून शहाणपण सांगणारांनी सांगू नये. परंतु खाली पाहता दादंभटांचे पाय दिसले. अनवाणी, भेगाळलेले, आणि लटलटा कापत होते. मग पंत उठले. त्यांचेही पाय कापत होते. म्हणाले, "महाराज, नाव या पोथीत नाही. नाव माझे घरी आहे." आणि मग वावटळ, आकडे, शेळी, सगळे सांगोन टाकिले, आणि शेवटी म्हणाले, "चूक माझी. भटजींस सोडावे."

महाराजांनी अकरा जणांकडे एकेक करोन पाहिले आणि म्हणाले, "जी नाव पंतांचे घरावाचोन कोठेच नाही, तेथे तुम्ही रडलात." अकराही जणांची पाचावर धारण बसली. पंतांचे घरून कुरतडलेली पाने आणविली आणि दादंभटांस वाचावयास सांगितले. म्हाताऱ्याचा आवाज फुटत होता, तरी वाचिले. बाईने तळवे पाहिले, नवा दिसतोस, उद्या लवकर ये, येथवर येता महाराजांचे डोळे भरोन आले. दिवाणांस रडावे की न रडावे ते कळेना, म्हणोन त्यांनी पागोटे सारखे केले. मग आज्ञा जाहली. दादंभटांस वस्त्रे. अकरा मानकऱ्यांनी घाटावर एक एक दिवस नाव वल्हवावी. ते तळहाती फोड घेवोन घरी गेले आणि पंतांचे अकरा वैरी जाहले. आणि पंतांस शालजोडी, पालखीचा मान, आणि महाराज प्रसन्न होवोन म्हणाले, "तुमचे आवडीवर आमचा भरवसा बसला. यापुढे दर पौर्णिमेस तुम्हीच पोथी सुचवीत जावी." पंतांनी मुजरा केला, तो करिता करिता त्यांचे गुडघे भुईस लागले, ते लोकांस आदर वाटला.

दुसरे दिवशी पंत घोंगडी टाकोन दारूखान्याचे दाराशी बसले आणि नवी पोथी सोडिली. पहिल्या पानावर राजा होता. यास हिवताप तर होणार नाही ना, म्हणोन त्यांनी शेवटचे पान आधी पाहिले. मग मधले पाहिले. मग कोठे झोप येण्याजोगे वर्णन आहे ते पाहिले. तीन प्रहर वाचीत होते, आणि सगुणाबाईने जेवणाचे वेळी पुसले की कथा काय आहे, तर त्यांस सांगता येईना.

एणेप्रमाणे हकीकत घडली. दादंभटांची जीभ राहिली, पंतांची मान राहिली, राज्यात ग्रंथांचा मान वाढला. पंत पुढे चौदा वर्षे पोथ्या सुचवीत होते, आणि त्या सर्व महाराजांस आवडल्या. त्यांस स्वतःस कोणती आवडली, ते त्यांनी पुन्हा कोणास सांगितले नाही, आणि कोणी पुसलेही नाही. लेखनसीमा.