ब्रेक जरा लाजाळू आहे

कल्पना करा, बाळांनो, की तुमच्या घरासमोर एक चकाचक गाडी उभी आहे. गाडी सेकंडहँड आहे, पण तसं म्हणायचं नाही, 'अनुभवी' म्हणायचं. छोट्या गाडीला मागून डिकी जोडली की तिला सेडान म्हणतात आणि शेजारी जरा अदबीने बोलू लागतात. बघा हवी तेवढी. फक्त काच खाली करू नका, ती परत वर येत नाही.

अशी गाडी एका बाबांनी घेतली. त्यांच्या मुलीला घरात मुंगी म्हणत, कारण एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की ती सोडत नसे. बाबा सावध गृहस्थ. घेण्याआधी त्यांनी अशाच गाड्यांच्या मालकांना गाठून एकेकाचा अनुभव विचारला होता. दंतवैद्य म्हणाले, "मक्खन!" शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यापेक्षा कमी कुरकुरते." एवढं एकमत पाहून बाबा विरघळले.

दुसऱ्याच दिवशी गाडी चालू होईना. बाबा तावातावाने या गाडीवाल्यांच्या मालक संघाच्या बैठकीला गेले. संघाचे अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आवाज मऊ, बोलणं पक्कं.

"माझ्या गाडीत दोष आहे," बाबा म्हणाले.

ताईंनी कानांवर हात ठेवले. दंतवैद्यांनी उठून दार लावून घेतलं.

"दोष नाही म्हणायचं हो," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "स्वभाव म्हणायचं. तुम्ही एकट्याने 'दोष' म्हटलंत, तर आमच्या कोणाच्याच गाडीला गिऱ्हाईक यायचं नाही. मग आम्ही सुटायचं कसं?"

"म्हणजे तुमचीही गाडी..."

"उतारावर लावत जा. घरंगळली की चालू होते. सगळ्यांची तशीच होते."

बाबा उतारावर गाडी लावू लागले. पण तिथे आधीच सगळा संघ लावत होता, जागा पुरेना. तेव्हा संघाने ठराव केला, की गाडी निर्दोष असून जमीन सपाट आहे हाच मूळ प्रश्न आहे, सबब नगरपालिकेने संपूर्ण रस्त्याला उतार द्यावा. नगरपालिकेने तत्परता दाखवली. रस्ता सरळ ठेवण्यापेक्षा तिरका करणं तिला केव्हाही सोपं. आता सगळ्या गाड्या झटक्यात चालू होऊ लागल्या आणि झटक्यात खाली जाऊन थांबू लागल्या. चढ चढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मालक मंडळी घामाघूम होऊन पायी वर येत. अध्यक्षांनी याला 'गाडीमुळे लाभलेला व्यायाम' असं नाव दिलं.

राहता राहिला ब्रेक. पहिल्यांदा दाबला की तो गप्प बसे, दुसऱ्यांदा दाबला की कण्हे, आणि नंतर मनात आलं तर लागे.

"ब्रेक जरा लाजाळू आहे," बाबा आता सहज म्हणत. शिकले होते. मागच्या सीटवर मुंगी दर वळणाला दोन्ही पाय गाडीच्या तळावर रोवून स्वतःच ब्रेक लावत असे.

संघातून सुटायची वाट एकच: आपल्या गळ्यातलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. आणि मामाचा फोन आला.

"दाजी, आपल्या आईला दर आठवड्याला घाट उतरून डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय. तुमची गाडी विकताय म्हणे. कशी आहे? तुम्ही म्हणाल ती पूर्वदिशा."

"मक्खन!" बाबांच्या तोंडून आपोआप निघालं.

मुंगीची आई नर्स. रविवारी तिची ड्यूटी असे, आणि बाबांनी मामाला नेमकं रविवारीच बोलावलं.

मामा आजीला घेऊन आला. अख्खा संघ इस्त्रीचे कपडे घालून रस्त्यावर हजर होता. संघाने ढकलत आणलेली गाडी उताराच्या वरच्या टोकाला उभी होती. "पहिला मान आईचा," म्हणत मामाने आजीला मागे बसवलं, किल्ली हातात घेतली आणि विचारलं, "ब्रेक कसा आहे?"

"एक नंबर!" संघ एका सुरात म्हणाला.

"मामा, लागत नाही तो," मुंगी म्हणाली. "दाबत बसावं लागतं. आजीला नको ना नेऊस घाटातून."

सगळे खो-खो हसले. बाबा सर्वांत मोठ्याने. "लहान आहे," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "अनुभव नाही."

मामाही हसला. "अगं मुंगे, एवढी मोठी माणसं खोटं बोलतील का?"

बाळांनो, मामाला नावं ठेवण्याआधी विचार करा. एका बाजूला फ्रॉकमधली मुलगी, दुसऱ्या बाजूला इस्त्री केलेला अख्खा संघ. तुम्ही कोणाचं ऐकलं असतं?

मुंगीने वाद घातला नाही. तिने दार उघडलं, आजीला हाताला धरून खाली उतरवलं, आणि ती अध्यक्षांना म्हणाली, "काका, तुम्ही बसा ना मागे. मामाला खालपर्यंत एक फेरी दाखवून आणा."

अध्यक्षांना एकदम गुडघा आठवला. दंतवैद्यांना आठवला पेशंट. ताई म्हणाल्या, "नको गं बाई, मला गाडी लागते," आणि दोन पावलं मागे सरल्या. बघता बघता सगळा संघ भिंतीला जाऊन टेकला.

"मग बाबा, तुम्ही?"

बाबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग मान पुसली. मग पुसायला काही उरलं नाही, तरी पुसतच राहिले.

मामाचं हसू मावळलं. त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि आजीचा हात धरून तो चालू लागला.

मुंगीने मात्र दार लावलं नाही. ती वळली, बाळांनो, तुम्ही उभे होतात तिकडे बघितलं, आणि म्हणाली, "मघाशी तुम्हीपण हसलात ना? या, बसा."