खालचा भाग झाकावा

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या योग्य चौकट संरक्षण मंडळाची मासिक सभा मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी ठीक दहा वाजता, ल्यूथरन चर्चच्या तळघरात भरली. सभासद अकरा हजर होते. डोनट बारा होते. मी मंडळाचा सचिव असल्यामुळे अशा गोष्टींची नोंद ठेवणं माझं कर्तव्य आहे.

मंडळाचं कार्य थोडक्यात सांगतो. एके काळी चित्रपट कॅमेऱ्यात जवळजवळ चौकोनी टिपले जात आणि थिएटरात वरची व खालची पट्टी झाकून रुंद दाखवले जात. पुढे घरी बघायच्या टेपा निघाल्या, तेव्हा कुणा अडाण्याने झाकण काढून सगळंच उघडं दाखवलं. वर माइक लोंबतोय, खाली केबली पसरल्यात. हा अनाचार थांबवण्यासाठी आमचा जन्म. १९५६ सालच्या एका काउबॉयपटासाठी आम्ही डिस्क काढणाऱ्या कंपनीला चारशे बारा पत्रं लिहिली आणि योग्य चौकटीतली डिस्क काढायला लावली. 'यापुढे मंडळ म्हणेल तसं, पण पत्रं आवरा,' असं कंपनीचं उत्तर आलं. ते आम्ही भिंतीवर लावलं आहे. ज्यांच्याकडे अजून जुन्या टेपा आहेत, ते सभासद टीव्हीला वर-खाली काळा पुठ्ठा चिकटवतात. मीही चिकटवला आहे. त्यामुळे मला बातम्यांखालची पट्टी गेली सहा वर्षं दिसलेली नाही.

त्या सभेला व्हर्नीता स्टासियाक नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई आल्या. सोबत पिरोगीचा, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचा, डबा आणि एक तक्रार होती.

"तुमच्या डिस्कमधून माझा नवरा कॅझ गायब झालाय," त्या म्हणाल्या. "टेपेत होता. घोडागाडीखाली पोटावर पडून चाक ढकलत होता. मध्येच कॅमेऱ्याकडे बघून हसला. चार सेकंद. टेप मशीनने खाल्ली. हलता-हसता असा तेवढाच उरला होता हो माझ्याकडे."

कंपनी दुसरी आवृत्ती काढणार होती. त्यात न झाकलेलं चित्रही जोडायला ती तयार होती, फक्त मंडळाचं संमतीपत्र हवं होतं.

आमचे अध्यक्ष हार्लन प्रुइट निवृत्त दंतवैद्य आहेत. दाढ उपटण्याआधी बोलत असतील, तशा मऊ आवाजात ते म्हणाले, "बाई, फार वाईट वाटलं. पण तुमचे यजमान चित्रपटात नाहीतच."

"नाहीत? मग गाडी काय भुताने ढकलली?"

"ते कॅमेऱ्यापुढे होते. चित्रपटात नव्हते. हा फरक सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही."

"लग्न केलं मी त्याच्याशी. मला नका सांगू तो कुठे होता ते."

तेव्हा अध्यक्षांनी भिंतीवरचा आमचा परमपवित्र पुरावा काढून त्यांच्यापुढे ठेवला. फिल्मच्या मूळ डब्यात सापडलेली, प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी पेन्सिलीने लिहिलेली ती निनावी चिठ्ठी: 'या रिळात खालचा भाग झाकावा. कृपया.' दिग्दर्शकाच्या दृष्टीची याहून मोठी साक्ष नाही. त्यातल्या एकट्या 'कृपया'वर अध्यक्षांचा चाळीस पानी निबंध आहे. थोर माणसाचा विनय, असं त्याचं शीर्षक.

व्हर्नीताबाईंनी चष्मा पुसला. मग त्यांनी पर्समधून एक जुनाट कागद काढला आणि चिठ्ठीशेजारी ठेवला. 'दूध, अंडी, कोबी. कृपया.' तेच अक्षर, 'कृपया'खाली तीच तिरकी रेघ.

"हे कॅझचं आहे," त्या म्हणाल्या. "गाडीखाली लपून राहा, दिसलास तर हाकलून देईन, असा साहेबाचा दम होता. हा गधडा बाहेर सरकला आणि वर हसला! रिळांचे डबे वाहायचं कामही त्याचंच, मग घाबरून प्रत्येक डब्यात चिठ्ठी टाकली. पुढे चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात होता, तिथेही दरवाजाला 'कृपया' म्हणायचा."

आमच्या योग्य चौकटीचा पाया एका घाबरलेल्या हमालाने घातला होता. मला वाटलं, संपलं मंडळ. पण अध्यक्षांना मी ओळखलं नव्हतं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "चौकट ठरवणारा कर्ता स्टासियाक. आणि कर्त्याची लेखी इच्छा काय? स्टासियाक झाकावा. बाई, आम्ही त्यांचा शब्द मोडू शकत नाही."

"अहो, तो नोकरी वाचवत होता!"

"हेतूची चौकशी मंडळ करत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ठराव मतास टाकला. संमती नाकारावी, आणि कै. कॅझिमिर स्टासियाक यांना 'चौकटीचे जनक' ही पदवी द्यावी. अकरा हात वर गेले. त्यांतला एक माझा होता. मला त्या क्षणी लाज वाटली, पण इतिवृत्तात तिच्यासाठी रकाना नाही.

बाईंनी डबा मात्र उघडला. सगळ्यांनी पिरोगी खाल्ल्या, बाराव्या डोनटचा मान त्यांना दिला, आणि पदवीनिमित्त फोटो काढला. बाई ठेंगण्या, शिवाय थकलेल्या, म्हणून त्यांना पुढे खुर्चीत बसवलं आणि आम्ही अकराजण मागे उभे राहिलो.

फोटो आमच्या पत्रिकेत आला, अर्थातच योग्य चौकटीत, वरची-खालची पट्टी झाकून. अकराही सभासद छान आलेत. खाली मधोमध थोडे पांढरे केस दिसतात. काहींना ते छपाईतले डाग वाटले, म्हणून पुढच्या अंकात तेही काढले.

वाचकहो, हसा खुशाल. फक्त घरातला लग्नाचा ग्रुप फोटो एकदा बघून या. फ्रेम करायला दिलात तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, "खाली बसलेले थोडे कापले जातील, चालेल ना?" आठवतंय का, तुम्ही काय म्हणाला होतात?